बुजरा घोडा आणि शांततेची पुडी

लग्नसराईत पुण्याच्या नगर रस्त्यावर, खराडी-चंदननगरच्या परिसरात, संध्याकाळी हमखास दिसणारे दृश्य म्हणजे वरात. पुढे बँड, त्यामागे नाचणारी मंडळी, डोक्यावरून फुटणारे फटाके, शेजारून कर्णे वाजवीत जाणाऱ्या बसगाड्या आणि या सगळ्याच्या मधोमध नवरदेवाला पाठीवर घेऊन उभी असलेली एक घोडी. १९९७ मध्ये खराडी पुणे महापालिकेत आली. त्यानंतर मुळा-मुठेच्या काठचे हे शेतीचे गाव बघता बघता संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारतींनी भरून गेले, पण वरातीतली घोडी मात्र राहिली. एखादे वेळी ती बुजते, मागच्या पायांवर उभी राहते, आणि क्षणात सगळ्यांची पांगापांग होते. अशा वेळी जो तो विचारतो, ‘हिला शांत ठेवायला काही देत नाहीत का?’

देतात. जगभर देतात. घोडेस्वारीच्या सामानाच्या दुकानांत घोडा ‘शांत’ करणाऱ्या भुकट्या, द्रव आणि गोळ्या मिळतात. कोणात मॅग्नेशियम असते, कोणात ट्रिप्टोफॅन नावाचे ॲमिनो आम्ल, कोणात ब-१ जीवनसत्त्व, तर कोणात वनस्पतींची मुळे. या पुड्यांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्याचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या मुंबईत घडला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. शिवाय या इतिहासातून एक प्रश्न पुढे येतो, तो विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाच्या कामाचा आहे. एखादी गोष्ट दिल्यावर जनावर शांत झाले असे आपल्याला दिसले, तर ते त्या गोष्टीमुळेच शांत झाले हे कशावरून?

बुजणे हा दोष नव्हे

सुरुवात घोड्याच्या स्वभावापासून करू. घोडा हा गवत खाणारा, मोकळ्या माळावर कळपाने राहणारा आणि हिंस्र पशूंचे भक्ष्य होणारा प्राणी आहे. त्याला शिंगे नाहीत. त्याचे संरक्षण म्हणजे धावण्याचा वेग, आणि त्याहीपेक्षा, धोका वेळीच ओळखणे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे जवळजवळ ३५० अंशांचा परिसर त्याला दिसतो. कपाळासमोरचा लहानसा पट्टा आणि शेपटीमागची जागा एवढीच काय ती नजरेआड राहते. माणसाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर घोड्याला ३० हजारांच्याही पुढचा. विश्रांतीत त्याचे हृदय मिनिटाला ३० ते ४० वेळा पडते आणि भरधाव धावताना तोच आकडा २०० च्या वर जातो.

अशा प्राण्याच्या पूर्वजांपैकी जो सळसळ ऐकताच पळाला, तो वाचला. ‘आधी पाहू, मग पळू’ असे म्हणणाऱ्याचा वंश पुढे चालला नाही. म्हणून बुजणे हा घोड्याचा रोग किंवा अवगुण नव्हे. लाखो वर्षांच्या निवडीने घडवलेला तो गुण आहे. मात्र हाच गुण नगर रस्त्यावर माणसांच्या जिवावर बेततो, आणि घोड्याच्याही. तेव्हा त्याला आवर घालण्याची गरज खरी आहे. प्रश्न आहे तो मार्गाचा.

जुन्यांनी काय केले?

घोड्याच्या स्वभावाचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या कर्तव्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात घोड्याचा शिधा तपशिलाने दिलेला आहे: धान्य, स्निग्ध पदार्थ, मीठ, दही, दूध किंवा सुरा, आणि प्रत्येकाचे माप. त्याच प्रकरणात घोड्यांचे तीक्ष्ण, भद्र आणि मंद असे तीन स्वभाव सांगितले आहेत, आणि स्वभाव पाहून घोड्याला युद्धाचे की स्वारीचे काम द्यायचे ते ठरवावे, असे म्हटले आहे. तीक्ष्ण घोड्याला मंद करण्याचा खटाटोप तिथे नाही. त्याला साजेसे काम शोधण्याचा सल्ला आहे. जवळपास त्याच काळातला, म्हणजे ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला, ग्रीक लेखक झेनोफन याने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिले. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, असा त्याचा आग्रह आहे. शालिहोत्राच्या परंपरेतले आपल्याकडील ग्रंथ, नकुलाच्या नावावर असलेले अश्वचिकित्सेचे पुस्तक आणि जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’, हेही आहार, ऋतू आणि रोग यांची सांगड घालून घोड्याचा विचार करतात.

महाराष्ट्राच्या इतिहासात तर घोडा हा राज्याचा पायाच होता. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेले, १६७३-७४ च्या सुमाराचे एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण बेताने वापरा, आताच उधळपट्टी केलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि मग तुम्ही रयतेला लुबाडू लागाल, असा त्याचा आशय आहे. घोड्याच्या तोंडात काय पडते यावर राज्य कसे अवलंबून असते, हे त्या पत्रातून कळते.

पागेतल्या घोड्याला वैरणीशिवाय ‘चंदी’ मिळे. चंदी म्हणजे दाण्याचा रतीब, आणि आपल्याकडे तो प्रामुख्याने भिजवलेल्या किंवा भरडलेल्या हरभऱ्याचा असे. तोबऱ्यात घालून तो घोड्याच्या तोंडाला बांधत. त्याखेरीज अधूनमधून ‘मसाला’ देण्याची रीत होती. आपल्या स्वयंपाकघरात पाचक म्हणून ओळखली जाणारी द्रव्ये घोड्याच्या मसाल्यातही असत. घोड्याला वांती होत नाही, आणि पोटशूळ हा त्याचा जीवघेणा आजार आहे. तेव्हा घोड्याचे पोट सांभाळा, बाकीचे तो सांभाळील, असा या रीतीमागचा अनुभव असावा. ही समजूत आजच्या संशोधनाच्या किती जवळ जाते, ते पुढे दिसेल.

ज्या घोड्यांवर मराठी फौजांनी मजल मारली, ते बरेचसे भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यांतले, म्हणजे भीमथडीचे. खराडीला वळसा घालून जाणारी मुळा-मुठा पुढे भीमेलाच मिळते, तेव्हा हा परिसरही त्याच खोऱ्यातला. अंगाने लहान, पण काटक अशा या घोड्याची २०२३-२४ मध्ये राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. आज ही तट्टे मुख्यतः भटक्या धनगर मेंढपाळांकडे दिसतात. मेंढरांच्या कळपामागून चालणाऱ्या तट्टाच्या पाठीवर भांडी, बोचकी, बांधलेल्या कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि कधी एखादे मूलही असते. शेजारून मालमोटार गेली तरी ते सहसा बुजत नाही. त्याला कोणी पुडी दिलेली नसते. ते दिवसभर चालते, वाटेत चरते, माणसांत आणि जनावरांत राहते, आणि शिंगरू असल्यापासून त्याने रस्ता पाहिलेला असतो. हे तट्टू आपण ध्यानात ठेवू. पुढच्या विवेचनात त्याची गरज लागेल.

सर्पगंधा: मुळापासून गोळीपर्यंत

आता त्या मुंबईच्या अध्यायाकडे वळू. सर्पगंधा ही आपल्या जंगलांत वाढणारी लहानशी वनस्पती. मराठीत तिला अडकई, हरकी अशीही नावे आहेत. तिचे मूळ सर्पदंशावर, तापावर आणि उन्मादावर देण्याची परंपरा होती, आणि उत्तरेत तर ती ‘पागल की दवा’ म्हणूनच ओळखली जाई. १९३१ मध्ये दिल्लीत सलिमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी या मुळातून अनेक अल्कलॉइडे वेगळी केली. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब यांवर या मुळाचा उपयोग होत असल्याचे प्रसिद्ध केले.

तरीही पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे गेले नाही. ते वेधले मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात त्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील सर्पगंधेच्या चाचणीचा लेख प्रसिद्ध केला. त्यात ५० रुग्णांच्या रक्तदाबाच्या मोजणीचे आकडे होते. ‘गुण येतो’ असे म्हणण्याऐवजी ‘किती जणांत किती गुण आला’ हे सांगितले, की परंपरेतले औषध विज्ञानाच्या चर्चेत कसे येते, याचे हे उत्तम उदाहरण. तो लेख वाचून बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी अमेरिकेत हे औषध वापरून पाहिले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातले प्रभावी द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव रिसर्पिन. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याच्या परिणामांची माहिती प्रसिद्ध केली. १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रिसर्पिन काम कसे करते? मेंदूतील चेतापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन, डोपामिन अशी रसायने वापरतात. ही रसायने पेशींमध्ये सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात. रिसर्पिन या पिशव्या भरण्याची यंत्रणाच बंद पाडते. पिशव्यांबाहेर राहिलेली रसायने नष्ट होतात आणि साठा रिता होत जातो. रिसर्पिनने मेंदूतले सेरोटोनिन घटते, हे १९५५ मध्ये अमेरिकेत दिसून आले. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी रिसर्पिन दिलेल्या, निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा हे द्रव्य टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागल्याचे दाखवले. पुढे कंपवातावरचे उपचार याच वाटेने आले, आणि मेंदूतील या संशोधनासाठी कार्लसन यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. म्हणजे आपल्या रानातल्या एका मुळाने मेंदूचे रसायनशास्त्र समजून घ्यायला मोठा हातभार लावला.

तबेल्यात शिरलेले औषध

माणसाला शांत करणारे औषध मग घोड्यालाही देण्यात आले. रिसर्पिनचा घोड्यावर परिणाम सावकाश चढतो आणि बरेच दिवस टिकतो, कारण रित्या झालेल्या पिशव्या पुन्हा भरायला वेळ लागतो. एखादा घोडा पाय दुखावल्याने आठवडेच्या आठवडे ठाणबंद ठेवायचा असेल, तर पशुवैद्याला असा दीर्घ परिणाम सोयीचा वाटू शकतो. पण किंमतही आहे. हगवण, पोटशूळ, घाम सुटणे, पापण्या मिटू लागणे, मरगळ. मात्रेत थोडी चूक झाली तर ही लक्षणे तीव्र होतात, आणि औषध परत काढून घेता येत नाही.

त्याच दशकात फेनोथायझीन गटातील औषधे आली. क्लोरप्रोमझीन हे त्यांतले पहिले. ते माणसांत उपयोगी ठरले, पण काही घोडे त्याने शांत होण्याऐवजी बेफाम झाले. त्याच कुळातील ॲसेप्रोमझीन मात्र घोड्यांसाठी रूढ झाले. १९६२ मध्ये जर्मनीत बायर कंपनीत झायलझीन तयार झाले. दात घासणे, जखम शिवणे अशा कामांसाठी पशुवैद्य ते वापरतात. झायलझीन दिलेला घोडा मान खाली टाकून झोपेत असल्यासारखा उभा असतो, पण एकाएकी अचूक लाथ झाडू शकतो. बाहेरून दिसणारी शांतता आणि आतून निवलेले भय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा यातला धडा.

शर्यतींच्या जगाला या औषधांची भीती वेगळ्या कारणासाठी वाटली. घोड्याला गुपचूप काही देऊन तेज करणे किंवा मंद करणे म्हणजे पैजा लावणाऱ्यांची फसवणूक. १९१० मध्ये व्हिएन्नात आल्फोन्स बुकोव्स्की या पोलिश रसायनतज्ज्ञाने घोड्याच्या लाळेतून अल्कलॉइडे शोधून दाखवली. खेळांतील उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीचा उगम असा घोड्यांच्या शर्यतीत आहे. पुण्याचे रेसकोर्स १८३० सालचे. तिथे आणि जगात सर्वत्रच शर्यतीनंतर घोड्यांचे मूत्र किंवा रक्त तपासणीसाठी घेतले जाते. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या निषिद्ध द्रव्यांच्या यादीत केवळ उत्तेजकेच नाहीत, शांत करणारी औषधेही आहेत. रिसर्पिन त्यांत आहेच.

औषध नव्हे, ‘पूरक आहार’

औषधांची दारे अशी बंद झाल्यावर दुसरे दार उघडले. ‘हे औषध नाही, पूरक आहार आहे’ असे म्हणत पुड्या बाजारात आल्या. यातला फरक महत्त्वाचा आहे. औषध विकायचे तर ते परिणामकारक आहे हे सिद्ध करावे लागते. आहारातील पूरकांवर बहुतेक देशांत असे बंधन नसते. आता प्रमुख घटक एकेक करून पाहू.

पहिला मॅग्नेशियम. चेता आणि स्नायू यांच्या कामाला हे मूलद्रव्य लागते. शरीरात त्याची खरोखर कमतरता झाली तर घोडा अस्वस्थ होतो, त्याचे स्नायू थरथरतात, त्याला घाम सुटतो. यावरून ‘अस्वस्थ घोड्याला मॅग्नेशियम द्या’ असे अनुमान काढले गेले. पण हे अनुमान उलटे आहे. पाणी नसेल तर रोप कोमेजते, म्हणून प्रत्येक कोमेजलेल्या रोपाला पाण्याचीच गरज असते असे नाही. ५०० किलो वजनाच्या घोड्याला रोज सुमारे साडेसात ग्रॅम मॅग्नेशियम पुरते, आणि चांगली वैरण व कोंडा यांतून ते सहसा मिळते. जास्तीचे शोषले गेलेले मॅग्नेशियम मुख्यतः मूत्रावाटे निघून जाते. बेसॉल्टपासून झालेल्या आपल्या काळ्या जमिनी तर मॅग्नेशियमच्या बाबतीत संपन्न समजल्या जातात. तरीही चाचणी व्हायला हवी. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात मोजक्या घोड्यांवर झालेल्या एका प्रयोगात जादा मॅग्नेशियमने दचकून पळण्याचा वेग कमी झाल्याचे दिसले. हा निष्कर्ष विचारात घेण्याजोगा आहे, पण इतक्या थोड्या घोड्यांवरून नियम ठरत नाही.

दुसरा ट्रिप्टोफॅन. शरीर यापासूनच सेरोटोनिन बनवते, तेव्हा कल्पना सरळ वाटते: कच्चा माल वाढवा, सेरोटोनिन वाढेल, घोडा शांत होईल. पण रक्तातून मेंदूत शिरण्यासाठी ट्रिप्टोफॅनला इतर ॲमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते. एकाच दरवाजातून सगळे आत जाऊ पाहतात. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकट्या ठेवलेल्या घोड्यांना अल्प मात्रेत ट्रिप्टोफॅन दिले, तेव्हा ते शांत होण्याऐवजी किंचित उत्तेजितच झाले. मोठ्या मात्रेत तोंडावाटे दिल्यास तांबड्या रक्तपेशी फुटून पंडुरोग होऊ शकतो, हेही माहीत आहे. २००५ मध्ये ग्रिमेट आणि सिलेन्स यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा चंचल घोड्यांवर ट्रिप्टोफॅन गुणकारी असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातच बाजारातील पुडीएवढी मात्रा देऊन पाहिली. रक्तातील ट्रिप्टोफॅन वाढले, वर्तन बदलले नाही.

तिसरे ब-१ जीवनसत्त्व. नेचा वर्गातील एक विषारी वनस्पती खाल्ल्याने घोड्यात या जीवनसत्त्वाची कमतरता होते, आणि मग तो अडखळतो, थरथरतो, बुजतो. अशा घोड्याला ब-१ दिल्यास गुण येतो. पण निरोगी घोड्याच्या आतड्यातील जीवाणूच हे जीवनसत्त्व तयार करत असतात.

चौथा गट मुळांचा. युरोपात व्हॅलेरियन नावाच्या वनस्पतीचे मूळ झोपेसाठी देत. आपल्या आयुर्वेदातील तगर ही तिचीच भगिनी. (बागेत पांढऱ्या फुलांनी बहरणारी तगर ती नव्हे. ती वेगळ्या कुळातली.) ‘नैसर्गिक’ म्हणून ही मुळे निरुपद्रवी मानली जातात. पण व्हॅलेरियनमधील व्हॅलेरेनिक आम्लावर अश्वक्रीडा महासंघाचे निर्बंध आहेत, आणि रिसर्पिनही मुळातूनच आलेले, हे आपण नुकतेच पाहिले. मूळ परिणाम करत असेल तर ते औषध आहे आणि औषधाची सगळी जोखीम त्यात आहे. परिणाम करत नसेल तर पैसे वाया गेले. नैसर्गिक असणे हा तिसरा पर्याय होत नाही.

मग गुण येतो असे का वाटते?

इतक्या लोकांना या पुड्यांचा गुण कसा येतो? सगळे खोटे बोलतात असे मुळीच नाही. याला निदान तीन कारणे आहेत.

एक कारण शिक्षकांच्या रोजच्या अनुभवातले आहे. घोडा सर्वांत वाईट वागला, त्याच दिवशी मालक पुडी आणतो. वाईटात वाईट दिवसानंतरचा दिवस, काहीही न करता, बहुधा थोडा बरा असतो. चाचणीत कधी नव्हे इतके कमी गुण मिळालेल्या मुलाला आपण रागावतो. पुढच्या चाचणीत त्याचे गुण वाढतात, आणि श्रेय आपल्या रागावण्याला जाते. प्रत्यक्षात तो नेहमीच्या पातळीकडे परतलेला असतो. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात.

दुसरे कारण काळाचे. पुडीचा महिनाभराचा डबा संपेपर्यंत घोडा नव्या जागेला, नव्या स्वाराला सरावलेला असतो.

तिसरे कारण सर्वांत मनोरंजक. घोडा माणूस वाचतो. बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमारास हान्स नावाचा घोडा गणिते सोडवतो म्हणून गाजला होता. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले, की हान्सला गणित येत नव्हते. बरोबर उत्तराशी खूर आपटण्याची संख्या पोचली, की प्रश्न विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलत असे, ते त्याला दिसत होते. २००९ मध्ये स्वीडनमध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याहून बोलका आहे. माणसांना एका रस्त्याने चार वेळा घोडा नेण्यास सांगितले. चौथ्या वेळेआधी, ‘आता घोडा जाताना शेजारी छत्री उघडली जाईल’ अशी सूचना दिली. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. पण चौथ्या फेरीत माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्याचेही. घोड्याला छत्रीची कल्पना नव्हती. त्याला फक्त हातातला लगाम धरणाऱ्या माणसाची धास्ती कळली.

आता पुडीकडे पाहा. ‘आज पुडी दिली आहे’ या विश्वासाने स्वार निर्धास्त बसतो, आणि त्याची निर्धास्ती घोड्यात उतरते. पुडी घोड्याने खाल्ली, पण गुण आला तो माणसाला! म्हणूनच अशी चाचणी घेताना कोणत्या घोड्याला खरी पुडी आणि कोणाला तशीच दिसणारी निरुपयोगी पुडी दिली, हे स्वाराला आणि निरीक्षकालाही माहीत असता कामा नये. असे काटेकोर प्रयोग थोडे आहेत. सगळ्यांचा निष्कर्ष नकारार्थीच आहे असेही नाही. अमेरिकेत अर्धरानटी तट्टांना माणसाळवताना दुधातील एका प्रथिनापासून मिळणारा पदार्थ दिला, तेव्हा काही फायदा दिसल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुरावा मिळाला तर मान्य करायचा, हाही वैज्ञानिक दृष्टीचाच भाग आहे.

पुन्हा तोबऱ्याकडे

ज्याचा पुरावा अधिक भक्कम आहे, ते उपाय पुडीत मावत नाहीत. मोकळा घोडा दिवसाचे सुमारे १६ तास चरतो. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरचे, आणि त्यात आम्ल सतत पाझरत असते. चघळताना येणारी लाळ आणि गवत या आम्लाला आवरतात. असा घोडा ठाणाला बांधून दिवसातून दोनदा भरपूर दाणा दिला, की मधल्या वेळी रिकाम्या जठराला आम्ल पोळते. शर्यतीसाठी तयार केल्या जाणाऱ्या घोड्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या जठरात व्रण आढळतात. दुखणारा घोडा खोगीर कसताच चावायला धावतो, आणि आपण त्याला खोडसाळ म्हणतो. १९९६ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियात असे दिसले, की पिष्टमय दाण्याऐवजी काही ऊर्जा तेलातून दिली तर घोड्यांचे दचकणे कमी होते. काम कमी आणि चंदी पूर्ण, हे गणितच चुकीचे. ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवणे’ हा वाक्प्रचार माणसांसाठी असला, तरी घोड्यालाही तो लागू पडतो!

यात आणखी तीन गोष्टींची भर घालायला हवी: सोबत, सराव आणि तपासणी. एकटा बांधलेला घोडा सतत सावध असतो, कारण पहारा वाटून घ्यायला दुसरे कोणी नसते. ढोलाचा आवाज आधी दुरून, मग हळूहळू जवळून ऐकवत नेलेला घोडा ढोलाला सरावतो. आणि अचानक बिघडलेल्या स्वभावामागे दात, खूर, पाठ किंवा पोट दुखत असण्याची शक्यता प्रथम पशुवैद्याकडून तपासून घ्यावी लागते. भीमथडीच्या तट्टाला या गोष्टींतल्या बहुतेक आपसूक मिळतात. वरातीच्या घोडीला त्या मिळवून द्याव्या लागतात, आणि फटाके तिच्या पायांशी न फोडण्याचा उपाय तर वऱ्हाडी मंडळींच्याच हाती आहे.

वर्गात करण्याजोगे

यातले तत्त्व वर्गात घोड्याशिवाय पडताळता येईल. विद्यार्थ्यांच्या जोड्या करा. प्रत्येकाची मिनिटाची नाडी मोजून लिहून घ्या. मग अर्ध्या मुलांना ‘शांत पेय’ असे लिहिलेल्या भांड्यातून आणि अर्ध्यांना ‘पाणी’ असे लिहिलेल्या भांड्यातून घोटभर पाणी द्या. दोन्ही भांड्यांत साधे पाणीच असावे. पाच मिनिटांनी पुन्हा नाडी मोजा. दुसऱ्या दिवशी हाच प्रयोग भांड्यांना फक्त ‘अ’ आणि ‘ब’ अशी नावे देऊन करा. मोजणाऱ्याला कोणी काय प्यायले ते माहीत नसू द्या. शेवटी मुलांना खरे काय होते ते सांगा, दोन्ही दिवसांचे आकडे फळ्यावर मांडा आणि चर्चा होऊ द्या. आकडे कसेही आले तरी चालतील. फरक दिसला तर तो कशाचा, आणि नाही दिसला तर का नाही, हे दोन्ही प्रश्न तितकेच मोलाचे आहेत.

रुस्तम वकील यांच्या आधी सर्पगंधेचा गुण शतकानुशतके लोकांना ठाऊक होता. वकिलांनी तो मोजला, म्हणून त्याचा लाभ आणि त्याचे धोके दोन्ही जगाला कळले. घोड्याच्या शांततेच्या पुड्यांनाही तोच मापदंड लावायला हवा. पुडीच्या वेष्टनावर काय छापले आहे ते वाचण्यापूर्वी घोड्याच्या गव्हाणीत काय आहे, त्याच्या शेजारी कोण आहे आणि त्याचा लगाम कोणाच्या हातात आहे, हे पाहण्याची सवय लागली तर घोड्याचे भय कमी होईल. त्याच्या पाठीवर बसणाऱ्याचेही.